गळती तपासणी, स्वयंपाकघर शाखा

१ मार्च, रविवार

जुन्या कारखान्यातला फोरमन सहकुटुंब जेवायला आला होता. बायकोने डंपलिंग तळले. साठेक तरी असतील. त्यातला एक फुटलेला निघाला. मी तो काट्याला टोचून वर धरला, सगळ्यांना दाखवला आणि म्हटलं, हा नापास. व्हॉल्व्हच्या कारखान्यात गळती तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? फोरमन हसला. त्यावर मी एवढंच बोललो की तळण्यात काय आहे, तेल तापवायचं आणि सोडायचं, कोणीही करेल. बायको झारा घेऊन बाहेर आली, माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली की आता तुम्हीच करा, मी तळण सोडलं.

विनोदबुद्धी म्हणून नाही या बाईला.

२ मार्च, सोमवार

झारा अजून टेबलावरच. मी उचलणार नाही. तीही उचलत नाही.

दुपारी मुलीचा फोन. एकोणतीस तारखेला जावयाला घेऊन येतेय, दीड वर्षाने. आईच्या हातचे डंपलिंग हवेतच म्हणाली. बायकोने फोन माझ्याकडे दिला. मी जाहीर केलं, या खेपेला बाबा तळणार. पलीकडे बराच वेळ शांतता. लाइन खराब असावी.

चार आठवडे हातात आहेत. तीन दिवस पुरतील.

५ मार्च, गुरुवार. दुपारी ४

प्रयोग पहिला. मैदा भिजवला, पाऱ्या लाटल्या. गोल होत्या असं म्हणायला हरकत नाही. सारणाला कोबी किसला, मीठ घातलं, तर पाण्याचं तळं. कोबीत एवढं पाणी असतं हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवं. बारा केले, नऊ तेलात उघडले. दोष: कोबी.

बायकोला विचारलं असतं, पण ती दोनपासून बाहेर आहे. आणि घरात असती तरी विचारलं नसतं.

८ मार्च, रविवार. सकाळी १०

नीट विचार केला. फुटतात म्हणजे गळती आहे. आणि गळती म्हणजे माझा विषय! कारखान्यात प्रत्येक व्हॉल्व्ह पाण्यात बुडवायचो. बुडबुडा आला की नापास. डंपलिंगला वेगळा नियम कशाला? इतकी साधी गोष्ट आजवर एकाही स्वयंपाक करणाऱ्याच्या डोक्यात आली नाही, याचं नवल वाटतं.

कोबी पिळून घेतला. बारा डंपलिंग बादलीत बुडवले. तिनांतून बुडबुडे आले, बाजूला काढले. नऊ पास. आता बादलीतून थेट कढईत.

त्याच दिवशी, सायंकाळी ५

डाव्या हाताला मलम आहे. उजवा शाबूत, म्हणून लिहितोय.

तेलाचं आणि पाण्याचं पटत नाही हे ऐकून होतो. इतकं टोकाला गेलंय हे माहीत नव्हतं. पहिला सोडताच कढई तडतडली, तिसऱ्याला गर्जना. मी झाकण ढालीसारखं धरून पुढे सरकलो, गॅस बंद केला आणि शिस्तीत माघार घेतली. छतावर डाग. वरच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन धावत आला, काय फुटलं म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, चाचणी चालू आहे. त्याने छताकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि विचारलं की वहिनी कुठे आहेत. ज्याला त्याला वहिनीच कशी आठवते?

एकही फुटला नाही, याची नोंद करून ठेवतो. कढईतले तिन्ही एकमेकांना चिकटून एक झाले, बादलीतले सहा विरघळले, पण तो वेगळा मुद्दा.

मलम बायकोने लावलं. तिच्या मनगटावर बारीक बारीक जुने डाग दिसले. हे कधी पडले म्हणून विचारलं. म्हणाली की तुम्ही सगळे जेवत असता तेव्हा.

१२ मार्च, गुरुवार

माघार नाही. शिंप्याकडून जाड कापडाच्या बाह्या शिवून घेतल्या, थेट खांद्यापर्यंत. झाऱ्याला झाडूचा दांडा बांधला. सुरक्षित अंतर सव्वा मीटर. बादली तात्पुरती रद्द.

निकाल: बाहेरून कोळसा, आतून कच्चे. इतक्या लांबून रंग दिसत नाही. दोष: चष्म्याचा नंबर.

१७ मार्च, मंगळवार

मुलीचा फोन. आईला सांगत होती की बाबांना नाद सोडू दे, आपण बाहेर जेवू. मी शेजारीच उभा होतो. दिलेला शब्द मोडायची आमच्या खात्यात पद्धत नाही, असं मोठ्याने सांगितलं. तिने फोन लांब धरला असावा.

बायको हल्ली रोज दुपारी दोनला जाते, पाचला येते. कुठे, ते मी विचारत नाही. तिच्या केसांना तळणाचा वास येतो. माझ्या प्रयोगांचा वास घरभर बसलाय, बिचारीच्या केसांतही शिरला.

२१ मार्च, शनिवार

अभ्यासदौरा. कोपऱ्यावरच्या खानावळीत डंपलिंग खाल्ले. काय काम होतं! एकूण एक सारखा. कडेला सात चुण्या, शेवटची उलट्या दिशेने वळवून बंद केलेली. तेलाचा थेंब आत नाही, सारणाचा कण बाहेर नाही. मालकिणीला विचारलं, कोण करतं? म्हणाली की पंधरा दिवसांपासून एक नवीन बाई येतात, त्या आल्यापासून काही उरतच नाही. मी माझा अनुभव सांगून आत पाहायची परवानगी मागितली. मालकीण म्हणाली की बाईंनी कोणालाही सोडू नका असं बजावलंय, तपासणीवाल्यांना तर मुळीच नाही. धंद्यातली गुपितं असतात, मी समजू शकतो.

एक घरी आणून बायकोला दाखवला. म्हटलं, बघ, याला म्हणतात मुरड. अशी आपल्या घरात कधी पडली नाही. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, मग हा पास ना? मी म्हटलं, शंभर टक्के. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते.

रडवलं बहुतेक. जरा जास्तच बोललो.

२७ मार्च, शुक्रवार

प्रयोग अकरावा. तपशील लिहीत नाही. नवी कढई आणावी लागेल.

निर्णय झाला. कारखान्यातही वॉशर बाहेरूनच यायचे. व्हॉल्व्हवर नाव मात्र आमचं. यात लबाडी कसली? खानावळीत चाळीसची ऑर्डर दिली. मालकिणीने आत जाऊन विचारलं आणि हसतच परत आली. चाळीस मिळतील म्हणाली.

२९ मार्च, रविवार. सकाळी ११

माल आला. गरम आहे. आपल्या भांड्यात काढला. गालाला थोडा मैदा लावला, बाह्या चढवल्या. बायको सकाळपासून बाजारात गेली होती, आत्ता आली, तीही नेमकी रिकाम्या पिशवीने. तिला काही कळलेलं नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी ६

मुलीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, आई, तूच केलेस ना? जावई भला माणूस, तो म्हणाला की बाबांनी केलेत. मुलीने डंपलिंग उलटा करून दाखवला. शेवटची चुणी उलटी. लहानपणी ती हीच चुणी सोडवून आधी खायची म्हणे. मी म्हटलं, शक्यच नाही, हे तर खानावळीतले आहेत.

मग मला ऐकू आलं मी काय बोललो ते.

बायको शांतपणे म्हणाली की खानावळीतलेच आहेत, मीच तळलेत. मी विचारलं, घरी सोडलं आणि तिथे जाऊन तळतेस? म्हणाली की तिथे पहिला गरम मला खायला देतात. इतक्या वर्षांत घरी मला गरम कधी मिळाला नाही.

एकतीस वर्षं मी केसाएवढी गळती पकडली. ताटात रोज समोर येणारी चुणी पाहिली नाही. तिचं ताट कधी वाढलं जातं, तेही नाही. लाज वाटली. इथे लिहितोय, कोणाला सांगणार नाही.

३१ मार्च, मंगळवार

खानावळीत कामाला लागलो. मी अर्ज केलेला नाही, बायकोने नाव सुचवलं. वेळ दोन ते पाच. खातं: कांदा आणि कोबी. कढईपासून सव्वा मीटर लांब राहायचं, ही मालकिणीची अट. बादलीला हात लावायचा नाही, ही बायकोची.

चुकलो असं मी म्हणालेलो नाही. पहिला तळलेला मालकिणीने माझ्यापुढे ठेवला, तो मी बायकोकडे सरकवला. तिने उभ्याउभ्याच खाल्ला, फुंकर घालत.

मग मी कांद्याची पहिली परात नेऊन दिली. तिने त्यातला एक तुकडा काट्याला टोचून वर धरला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, हा नापास. अख्खी खानावळ हसली.

विनोदबुद्धी आहे तर या बाईला. दुसरी परात चिरायला घेतली.