न धुतलेली चकती

दि. ९ मार्च

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तू वेळेवर जेवतेस ना? भाचीच्या पत्रात तुझ्याबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून काळजी वाटते.

आज लिहितोय ते दोन-अडीच वर्षांपूर्वीच्या एका सकाळपासूनचं आहे. त्या सकाळी माझी पूजा लांबली. धावतपळत कारखान्यात शिरलो तर दाजी आपल्या टाकीपाशी उभे. म्हणाले, "या संतमहाराज! देवाने आज उशिरा सोडलं वाटतं!" मी हसत चाचणीच्या खोलीकडे पळालो.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भागांवर निकेलचा मुलामा चढतो. तो झिजू नये म्हणून त्यात सिरॅमिकची बारीक पूड असते. ती टाकीच्या तळाशी बसू नये म्हणून दाजी ढवळणं बघायचे. मी मुलाम्याच्या चकतीवर पोलादी पिन घासायचो. घासण्याआधी वजन, नंतर वजन. घटेल तेवढी झीज. मात्र नंतर तोलताना चकती धुऊन वाळवायची, कारण पिनेचा कीस तिला चिकटून वजन भरून काढतो आणि झीज लपते.

त्या सकाळी मी ती धुतली नाही. साहेब दारातच घड्याळ बघत उभे होते. घट जवळजवळ शून्य आली. त्यांनी पाठ थोपटली आणि मी थोपटून घेतली.

चार महिन्यांत भाग झिजून परत आले. बैठकीत साहेब म्हणाले, "चाचणी तर उत्तम होती. म्हणजे टाकी ढवळली नाही." दाजी माझ्याकडे वळले. "अरे, तू तरी सांग यांना. मी टाकी सोडून कधी हललोय का?"

मी म्हणालो, "मी फक्त वजन करतो."

दाजींनी तिथेच हातमोजे काढून टेबलावर ठेवले. ते पुन्हा आले नाहीत.

त्याच दुपारी मी ती चकती धुतली, वाळवली, तोलली. झीज चालण्याजोगीच्या नऊपट! ती चकती नीट ढवळलेल्या टाकीतलीच होती, म्हणजे मिश्रण मुळातच कच्चं होतं. दाजींचा काहीही दोष नव्हता. मी चकती कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि दोन वर्षं त्याच हातांनी देवाला फुलं वाहिली.

डोळे मिटण्याआधी दाजी तुला म्हणाले, "माझ्याच हातून राहिलं असेल गं." हे सांगताना तू रडलीस, मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाही गप्पच होतो, ताई. न केलेली चूक आपली मानून तो माणूस गेला. हे आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. देवासमोर बसतो, पण काय मागायचं ते कळत नाही.

आज पाळी बदलताना सगळे टाकीपाशी जमले, तेव्हा मी हे सारं एका कागदावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, "माणूस गेला. आता कशाला उकरून काढता?" मी खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. नक्कल सोबत आहे.

इथे भाऊ म्हणून सही करवत नाही.

तुझा अपराधी