साहेबांनी ब्रेक मारला नाही

प्रिय आणि आदरणीय आत्या (दोन्ही शब्द मनापासून आहेत, दुसरा जरा जास्त, कारण तुझा हात अजून चालतो),

पुढ्यात असतीस तर वाकून नमस्कार केला असता. लांब आहेस म्हणून बसल्या बसल्याच करतो, गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? उजवा म्हणतोय मी. डावा पहिल्यापासूनच गुणी, त्याची चौकशी करावी लागत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलणं सुरू झालं का, की अजून जिन्यात समोरासमोर आलात की दोघी भिंतीचा रंग न्याहाळता? इकडे आई बरी आहे, मी बरा आहे, बाबा आज सकाळी साडेदहापर्यंत अजिबात बरे नव्हते, पण ते ओघानं येईलच.

तुझं पत्र मिळालं. दोन पानं नुसतं मलाच झोडपलंयस, त्याबद्दल आभारी आहे, एवढा वेळ माझ्यावर कुणी घालवत नाही. जे आपल्या हातात आहे त्यावर जोर लाव, जे नाही त्याला लांबून हात जोड, तुझं नेमकं उलटं चालतं, असं तू लिहिलंस. आईनं ते मोठ्यानं तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा माझ्या कानाशी. मग मी, तुला खोटं वाटेल, खरंच वहीचं पान फाडलं, मधोमध रेघ मारली (पट्टीनं नाही, एकदम एवढी सुधारणा झेपत नाही) आणि एका बाजूला हातातलं, दुसऱ्या बाजूला हाताबाहेरचं असं लिहायला बसलो. हाताबाहेरचं भराभर भरलं: मास्तरांचा राग, माझी उंची, वरच्या मजल्यावरचं बासरी शिकणारं पोरगं, बाबा. हातातलं म्हणून मात्र 'केसांचा भांग' एवढंच सुचलं, आणि तोही वारा नसेल तर.

आता माझं काम तुला नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सात महिने झाले, मी गाडी चालवायला शिकवायच्या शाळेत आहे, मास्तर म्हणजे तिचे मालक. (ज्याला नववीनं दोनदा आग्रह करून ठेवून घेतलं तो दुसऱ्यांना शिकवतो, यावर आई अजून हसते.) आमच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग, माझ्या पायाखाली ब्रेक. तो चुकला की मी दाबायचा. म्हणजे तुझ्या पत्राला चार चाकं लावली की आमची गाडी तयार.

तर या गाडीत या महिन्याच्या सुरुवातीला तुझा धाकटा भाऊ शिकायला आला. हौस म्हणून नाही. बाबा बावीस वर्षं लॉन्ड्रीत आहेत हे तुला माहीत आहे, इस्त्री करायची, घड्या घालायच्या आणि सायकलवरून गठ्ठे पोचवायचे. लॉन्ड्रीच्या व्हॅनचा ड्रायव्हर काम सोडून गेला. मालकीणबाईंनी बाबांना बोलावून गोड आवाजात सांगितलं, काका, महिनाअखेरपर्यंत तुमचं लायसन्स झालं तर व्हॅन तुमची, नाही झालं तर मी एक तरुण मुलगा बघून ठेवलाय, तो गाडीही चालवतो आणि इस्त्रीही करतो. म्हणजे लायसन्स नाही तर इस्त्रीही नाही. बाबांनी हे आईला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही एका शर्टाची कॉलर दाबता दाबता, वर न बघता. ती कॉलर आधीच कडक झाली होती, तरी दाबतच होते.

बाबांचा स्वभाव तू माझ्याआधीपासून भोगतेस. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा धरणार आणि तिथून तोंडानं गिअर बदलणार. केस कापायला गेले तर शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचे केस कसे कापावेत ते सांगत बसणार, तोवर इकडे यांचा एक कल्ला उडालेला. गाडीत तेच. हात स्टिअरिंगवर, डोळे गावभर. "बघ, त्यानं वळताना दिवा दाखवला नाही." "बघ, ती बाई आरशात बघून लिपस्टिक लावतेय." "त्या टेम्पोच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, सांग त्याला." सगळ्या रस्त्याच्या गाड्या नीट चालल्या पाहिजेत, आपली कचरापेटीत गेली तरी चालेल. आणि ती जायचीच. मग मी ब्रेक दाबायचा, गाडी थांबायची, आणि बाबा म्हणायचे, "अरे, मी थांबवणारच होतो."

आता एक गोष्ट फक्त तुला सांगतो. अधूनमधून मी माझा क्लच हळूच दाबून ठेवायचो. त्यानं काय होतं, इंजिन जीव खाऊन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. बाबा घामाघूम व्हायचे, आणखी रेटायचे, इंजिन आणखी बोंबलायचं, मी खिडकीबाहेर बघत ढगांचा अभ्यास करायचो. बाबांचं ठाम मत झालं की गाडीला त्यांचा स्वभाव आवडत नाही. एकदा उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर हात फिरवला आणि "उद्या बघू हं," असं तिला हळूच म्हणाले. मला तेव्हा हसू आलं. नंतर फारसं आलं नाही.

पहिल्या परीक्षेत बाबा सिग्नललाच नापास झाले. पुढच्या गाडीतला उमेदवार कसा कच्चा आहे हे परीक्षा घेणाऱ्या साहेबांना समजावत बसले, तोवर सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. ते एक वेळ ठीक. दुसऱ्या परीक्षेचं मात्र नीट ऐक. परीक्षा लॉन्ड्रीच्या व्हॅनवरच असते, कारण चालवायची तीच आहे. मैदानाच्या टोकाला जुन्या टायरांची उतरंड रचलेली, तिच्या अलीकडे पांढऱ्या रेघेवर गाडी थांबवायची, एवढंच काम. बाबा आले झोकात. रेघ आली. रेघ गेली. बाबा ताठ बसलेले, पाय निवांत, चेहऱ्यावर शांतता. अगदी सावकाश, एखाद्याच्या घरी पाहुणे जावेत तशी व्हॅन टायरांत गेली. वरचा टायर टपकन टपावर पडला. मी धावत गेलो तर बाबा रागानं लाल, आणि मलाच तक्रार, "साहेबांनी ब्रेक मारला नाही."

आत्या, सगळे हसले, साहेब सोडून. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या टाळक्यात उजेड पडला. तीन आठवडे मी त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक वेळी ब्रेक दाबला होता. त्यांना गाडी थांबवायला शिकवलंच नव्हतं, गाडी आपोआप थांबते असं शिकवलं होतं. त्यात क्लचची गंमत, म्हणजे गाडी पुढे नेणंही आपल्या हातात नाही हेही शिकवून ठेवलेलं. व्हॅनला शेजारी ब्रेक नसतो हे मला माहीत होतं, बाबांनाही माहीत असेल असं मी धरून चाललो. पण पाय काही विचारून वागत नाहीत.

महिनाअखेरीला सहा दिवस राहिले. मी ते फाडलेलं पान काढलं. बाबांचं तोंड माझ्या हातात नाही, साहेबांचा मूड नाही, मालकीणबाईंचा तो तरुण मुलगा नाही (बघून आलो, मेला खरंच चांगली इस्त्री करतो). बराच वेळ पेन चावून मी हातातल्या बाजूला लिहिलं: माझे दोन पाय.

दुसऱ्या दिवशी बाबांना बंद गोदामामागच्या मोकळ्या मैदानात नेलं, जिथे धडकायचं म्हटलं तरी शोधावं लागेल. तिथे मी बूट काढले, ते समोर काचेपाशी ठेवले आणि सीटवर मांडी घातली.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"पाय दुखतात."

"खाली ठेव."

"नाही ठेवणार. आज ब्रेक तुमचा."

बाबा बुटांकडे बघत राहिले. मग माझ्या मांडीकडे. मग, आत्या, तुला काय सांगू, समोर बघितलं त्यांनी. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं दटावलं असेल तेव्हापासून या माणसानं समोर असं बघितलंच नसेल. गाडी निघाली. कुणाच्या चाकातली हवा नाही, कुणाची लिपस्टिक नाही, बासष्ट किलोचा बोलका माणूस चिडीचूप. माझी अवस्था विचारू नकोस. गोदामाची भिंत जवळ यायला लागली की माझे पाय मांडीतून निसटून खाली धावायचे, मी दोन्ही अंगठे हातांनी घट्ट धरून ठेवले. स्वतःचे पाय आपल्या हातात असतात हे तुला लिहायला सोपं आहे. मला ते शब्दशः धरावे लागले. भिंतीच्या चार हात अलीकडे गाडी थांबली. कुणी थांबवली ते आम्हा दोघांनाही एकदम कळलं नाही. मग बाबा हळूच म्हणाले, "मी थांबवली." आणि मग, "घाबरलास?" मी म्हटलं, छे. अंगठे अजून सोडले नव्हते.

पाच दिवस हेच. चौथ्या दिवशी मास्तरांनी काचेतून माझे बूट बघितले. शिकवणारा माणूस अनवाणी मांडी घालून बसतो हे बघून त्यांनी शाळेच्या इभ्रतीवर जे भाषण केलं त्यात माझ्या नववीचाही उल्लेख आला. शिक्षा म्हणून महिनाभर सगळ्या गाड्या मीच धुवायच्या. बरोबर आहे त्यांचं. धुतो.

आज परीक्षा. तेच साहेब. व्हॅनमध्ये बसले, पट्टा लावला, कागद काढला. मी कुंपणापाशी उभा, खिडकी उघडी म्हणून ऐकू येत होतं. बाबा अदबीनं म्हणाले, "साहेब, तेवढे बूट काढून इथे समोर ठेवाल का?"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "का?"

"आणि जमलं तर मांडी."

मी डोळे मिटले. पण साहेब, बहुतेक इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, परीक्षेत नसलेलं काहीतरी बोलले. "काका, माझ्या बाजूला ब्रेक नाहीच आहे. वाकून बघा. मागच्या वेळीही नव्हता."

बाबा वाकले. नीट बघितलं. तिथे नुसती सतरंजी. चेहऱ्याचा रंग उडाला, परत आला. "मग आधी नाही का सांगायचं," असं साहेबांनाच सुनावलं आणि गाडी काढली. सिग्नल, वळण, चढ. शेवटी ती पांढरी रेघ. व्हॅन तिच्यावर अशी उभी राहिली जशी काही तिथेच बनवली होती. टायर अजून तसेच रचलेले आहेत.

पास झाले, आत्या. दुपारी मालकीणबाईंनी किल्ली दिली. आईला संध्याकाळी सगळं सांगितलं, ती आधी रडली, मग इतके दिवस लपवलं म्हणून दोघांनाही बोलली, मग आम्हाला जेवायला वाढलं आणि वाढता वाढता पुन्हा बोलली.

मोठ्यांना नमस्कार, लहान तुझ्याकडे कुणी नाही, तेव्हा उरलेले आशीर्वाद गुडघ्याला.

तुझा भाचा,
ज्याला तू टोळ म्हणतेस तो

ता.क. आता खरं काम. क्लचचं बाबांना अजून माहीत नाही. कबूल करायचं ठरवून मी आज तीनदा त्यांच्यासमोर उभा राहिलो, तिन्ही वेळा 'पाणी हवंय का' एवढंच निघालं. दोन परीक्षा गेल्या त्यात अर्धा हात माझा आहे, आणि त्यापायी त्यांची नोकरी जात होती. माफी मागणं माझ्या हातात आहे हे मला पटलंय, जिभेला पटत नाही. तेव्हा तू एकदा फोन करून हसत हसत सांगशील का? तुझं ते ऐकून घेतात.

ता.क. दुसरा. पत्र पोस्टात टाकायला बाबांकडेच देतोय, व्हॅन त्याच बाजूनं जाते. पाकीट चिकटवायला डिंक संपलाय, पण बाबा दुसऱ्यांची पत्रं वाचणाऱ्यातले नाहीत.

ता.क. तिसरा. ताई, मी त्यातलाच आहे, तुझी पत्रंही वाचायचो. पोरगा क्लच दाबतो हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, दाबताना त्याचा गुडघा वर यायचा. बोललो नाही. शाळा सुटल्यापासून हा घरात एका जागी पाच मिनिटं टिकत नाही, इथे रोज तासभर शेजारी बसायचा. ब्रेकचं मात्र मला खरंच कळलं नाही, ती चूक माझी. त्याला फोनवर काही सांगू नकोस, आणखी थोडे दिवस पाणी विचारू दे. रविवारी व्हॅन घेऊन येतोय. फाटक पूर्ण उघडं ठेव, आणि कुंड्या आत घे.