बोरीच्या ओढ्याची नोंद

गुरुजी, आपला बोरीचा ओढा ज्ञानकोशात नोंद मिळण्याच्या लायकीचा आहे की नाही, यावर महिनाभर वाद चालला होता, आणि ओढ्याच्या बाजूने भांडायला मी एकटाच होतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आधी हे सांगायला हवं: ज्ञानकोश आता कपाटात राहत नाही. तो फोनमध्ये असतो. त्यात कुणीही लिहू शकतो आणि लिहिलेलं कुणीही खोडू शकतो. म्हणजे आपल्या वर्गाचा फळाच, फक्त मधली सुट्टी संपत नाही. एका रविवारी मी त्यात चार ओळी लिहिल्या. धारूरच्या डोंगरात उगम, पावसाळ्यात पाणी, बाकीचे महिने वाळू, शेवटी मांजरेला मिळतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर नोंदीच्या डोक्यावर लाल पट्टी: विषय उल्लेखनीय नाही, नोंद काढून टाकावी काय? तुम्ही शिकवलेला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष कॉलेजात बावीस वर्षं संस्कृत शिकवूनही कधी कामी आला नव्हता. तो त्या दिवशी आला.

एकाने लिहिलं, असल्या प्रत्येक ओढ्याला नोंद दिली तर ज्ञानकोशाची पाणंद होईल. मी उत्तर दिलं की पाणंदीवरून निदान माणसं चालतात. मूळ हरकत ज्यांची होती त्या पुण्याकडच्या एक बाई. वयाने माझ्या मुलीएवढ्या असाव्यात, पण भाषा न्यायाधीशाची. त्यांनी नम्रपणे सांगितलं की जिव्हाळा हा पुरावा नव्हे, काही छापलेलं असेल तर दाखवा. मी त्यांना आपल्या गावची रीत सांगितली. लग्नात, वास्तुशांतीत संकल्प सांगताना आपल्याकडे सगळे 'गोदावर्या दक्षिणे तीरे' म्हणून मोकळे होतात; तुम्ही त्यापुढे थांबून, घसा साफ करून, 'बदरिकाया उत्तरे तीरे' असं म्हणायचात, आणि व्याह्यांकडचे भटजी तुमच्याकडे तिरपं बघायचे. बोरीची संस्कृतात बदरिका तुम्हीच केलेली. गोदावरी वीस कोसांवर, ओढा मांडवामागे. जवळचा साक्षीदार सोडून लांबचा का घ्यावा, हा तुमचा युक्तिवाद. बाईंनी लिहिलं, फार सुंदर आहे, पण हे कुठे छापलं आहे?

छापलेलं होतं, हीच तर पंचाईत. मी उठलो आणि शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढली. वीटभट्टीची जाहिरात आणि खतांच्या दुकानाच्या शुभेच्छा यांच्यामध्ये एक पान आहे: श्रीबदरिकामाहात्म्यम्, जुन्या पोथीवरून. अकरा श्लोक. मी पानाचा फोटो काढला आणि वादात ठेवून दिला. काय करतोय हे मला पक्कं कळत होतं.

ती पोथी जुनी कशी झाली, हे जिवंत माणसांत मला एकट्यालाच ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो. मी नववीत आहे. चैत्र लागलाय, ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत आल्यात. तुमच्या पायरीवर ती म्हातारी येऊन बसते, जी दरसाल टोळीला जाण्याआधी ओढ्याला नारळ फोडायची. पाच महिने कृष्णाकाठी ऊस तोडून आलेली, हातांना अजून पाचटाचे ओरखडे. ती सांगते की तिकडे नदी दोन्ही काठ भरून वाहते, तिला घाट हाय, तिची पोथी हाय, आणि तिकडच्या बायांनी विचारलं की तुमची नदी कोणती. मग ती तुम्हाला विचारते, "आवं गुरुजी, आपल्या वढ्याचं कुटं काय लिवलंय का न्हाई?" तुम्ही कधी शब्दाला अडणारे नव्हतात. पण त्या दिवशी तुम्ही ओढ्याकडे बघितलंत. त्यात दोन शेळ्या होत्या, पाणी नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "आहे. पोथीत आहे. शोधून ठेवतो."

ती गेल्यावर आतून काकूंनी विचारलं, कुठल्या पोथीत? तुम्ही म्हणालात, जी अजून लिहायची आहे तिच्यात.

मग आठ दिवस मी शिकवणीच्या नावाखाली तुमच्या स्वयंपाकघरात. काकूंची अट होती की चुलीजवळ बसायचं तर लसूण सोलायचा. तुम्ही सोललेल्या पाकळ्या ताटलीत ओळीने मांडायचात, मोठी पाकळी गुरू, बारीक पाकळी लघू, आठ झाल्या की एक चरण. काकू फोडणीला म्हणून नेमकी मधली पाकळी उचलायच्या आणि तुम्ही ओरडायचात की छंदोभंग झाला. काकू म्हणायच्या, वरणात तर पडला, वाया नाही गेला. चौथ्या श्लोकाला मात्र तुम्ही अडलात. पहिला चरण झाला होता, 'अल्पतोयापि मातैव', पाणी थोडं असलं तरी आईच ती. दुसरा येईना. दोन दिवस येईना. तिसऱ्या दिवशी तुम्ही मीठ आणायला माजघरात गेलात, तेवढ्यात मी पाकळ्या हलवल्या आणि तुम्ही आल्यावर भीत भीत म्हणून दाखवलं: 'न नदीं गणयेज्जलैः'. नदी पाण्यावरून मोजू नये. तुम्ही बोटाने पाकळ्या मोजल्यात. मग ताटातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे सरकवलीत. ज्या माणसाने मला शंभरात साठाच्या वर कधी चढू दिलं नाही, त्याच्याकडून अर्धी भाकरी म्हणजे काय, ते मला तेव्हाही कळलं होतं. त्याच भरात मी विचारून बसलो की गुरुजी, पण हे खोटं नाही का. झालं. तुमच्या भुवया वर गेल्या. "सगळी माहात्म्यं माणसांनीच लिहिलीत. त्यांचे शेजारी आता जिवंत नाहीत, म्हणून ती जुनी. लसूण सोल."

पुढे ते श्लोक तुम्ही हळदीचं बोट लावून पिवळ्या केलेल्या कागदावर उतरवलेत. म्हातारीने ऐकून दोन्ही हात जोडले, आणि पुढच्या सालापासून ती कृष्णाकाठी आपल्या ओढ्याची पोथी सांगत फिरू लागली. सात-आठ वर्षांनी, तुमच्यामागे, शाळेने तोच कागद छापला.

तर तो फोटो टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी बाईंनी हरकत मागे घेतली. नशीब बघा, बाई संस्कृत शिकलेल्या निघाल्या. त्यांनी लिहिलं की रचना उत्तर मध्ययुगातली वाटते, बऱ्याच श्लोकांना थोडा मास्तरी वास येतो, पण चौथ्यातला दुसरा चरण कुणा जुन्या, सरावलेल्या हाताचा दिसतो. वासाबद्दल तुमची क्षमा मागतो. मत त्यांचं आहे. ओढा वाचला. नोंदीत वाक्य वाढलं: या नदीचे मध्ययुगीन माहात्म्य उपलब्ध आहे. पंधरा दिवसांत गावातल्या पोरांनी फरशी पुलावर फ्लेक्स लावला, 'मध्ययुगीन बदरिका नदी आपले स्वागत करीत आहे'. त्यावर आठ पुढाऱ्यांचे फोटो, नदीचा एकही नाही.

फ्लेक्सचा फोटो आला आणि माझं जेवण गोड लागेना. गप्प राहिलो तर ओढा कोशात राहतो, पण बनावट कागदावर. उद्या माझाच एखादा विद्यार्थी त्यावर प्रबंध लिहील आणि मला सही करावी लागेल. खरं सांगितलं तर ओढा जातो, आणि तुमच्या कपाळी लबाडीचा टिळा लागतो. तुम्ही तर बोलायला नाहीत. मग वाटलं, ज्या घरासाठी हे केलं त्या घराला तरी विचारावं. एसटीने गावी गेलो. म्हातारी केव्हाच गेली. तिची सून माझ्याच वयाची, तीही चारच दिवसांपूर्वी टोळीहून आलेली, अंगणात उसाच्या फडावरच्या कोपीतली, त्या पाचटाच्या झोपडीतली, काळी पडलेली भांडी राखेनं घासत बसली होती. मी, कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा, लांबून लांबून विषयाकडे आलो आणि शेवटी सांगून टाकलं की वहिनी, ती पोथी जुनी नव्हती, गुरुजींनीच लिहिली होती.

तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "ते तर आमच्या सासूला तवाच ठावं व्हतं, भाऊ. काकूंनीच सांगितलंतं, गुरुजी चुलीपशी बसून रचायलेत म्हनून."

मी विचारलं, मग म्हातारी तिकडे कृष्णाकाठी सगळ्यांना पोथी हाय, पोथी हाय म्हणून सांगत का फिरायची? वहिनीने पातेलं उपडं केलं.

"पोथी नवी आसंना. वढा तर जुनाच हाय की." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमी कावून एवढं वाळलात? ह्याच्या पायी?"

गुरुजी, पस्तीस वर्षं मी जे गुपित छातीशी धरून बसलो होतो ते सबंध गावाला माहीत होतं. गावातली बाई स्वयंपाकघरातली गोष्ट स्वयंपाकघरात ठेवील, असं समजायची चूक फक्त आपल्यासारखी पोथ्या वाचणारी माणसंच करू शकतात.

परत आलो आणि बाईंना सगळं कळवलं, तुमची पायरी, लसूण, हळदीचा कागद, सगळं. त्या रागावल्या नाहीत. लिहिलं की त्या काकूंना भेटायला आवडलं असतं, पण गावच्या माणसाने गावच्या ओढ्यावर लिहिलेला मजकूर हा स्वतंत्र पुरावा धरता येत नाही, नाइलाज आहे. नोंद गेली. मात्र जाता जाता त्यांनी मांजरा नदीच्या नोंदीत एक वाक्य घातलं: धारूरच्या डोंगरातून येणारा बोरीचा ओढा हिला मिळतो, गावच्या एका संस्कृत शिक्षकाने त्यावर अकरा श्लोक रचले आहेत. म्हणजे ओढ्याने ओढ्याचंच काम केलं, मांजरेत जाऊन मिळाला. आणि तुम्ही ज्ञानकोशात गेलात, तेही बिननावाचे, मास्तर म्हणून. फ्लेक्स अजून आहे. तो काढायला सांगायची माझी छाती नाही.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच आहे. ओढ्यात सोडावं तर या दिवसांत ते जागचं हलायचं नाही, आणि शेळ्या खातील.

एक राहिलं. वर मी असं लिहिलंय की जणू वहिनींशी बोलल्यावर माझा विवेक जागा झाला. बाईंना पाठवलेलं ते पत्र मी गावी जाण्याच्या कितीतरी आधी, जुन्या सरावलेल्या हाताबद्दल त्यांनी लिहिलं त्याच संध्याकाळी, सुरू करून ठेवलं होतं. पहिलं वाक्य होतं, चौथ्या श्लोकातला दुसरा चरण माझा आहे. तुम्ही तिसऱ्या वाक्यात येता.