तिसरा पर्याय नाही

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला हात धजत नाही, तेवढं चालवून घ्या.

मला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळालाय. शिष्यवृत्तीसाठी तुमच्या उत्पन्नाचा दाखला हवा. मी सांगितलं, ते आम्हाला सोडून गेलेत, घर आई चालवते. खिडकीतले साहेब म्हणाले, "मग घटस्फोटाचा कागद आणा, नाहीतर मृत्यूचा दाखला. तिसरा पर्याय नाही."

मावशीला तुम्ही वारज्यात दिसलात म्हणे, चांगले ठणठणीत. पत्ता माहीत असता तर पत्र कशाला लिहिलं असतं? स्वतःच येऊन दारात बसले असते. हे पत्र मावशीकडे देऊन ठेवतेय, पुन्हा दिसलात तर हातात देईल.

आईला म्हटलं, यंदा तरी वटपौर्णिमा करू नकोस. पण गेलीच, वडाला सूत गुंडाळून आली. सात जन्म हाच नवरा मागितलाय तिने.

म्हणजे माझी शिष्यवृत्ती आणखी सहा जन्म अडली.

कागदोपत्री तुमचीच,
संस्कृती