सूर्यास्ताच्या आत क्रॅनबेरी

घोडेगाव,
गुरुवार, दुकान उघडायच्या आधी

चि. पारस यास सुवालालचे जयजिनेंद्र, आणि मी तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा पडलो म्हणून आशीर्वादही. तुझी, मंडळींची आणि मुलांची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. न्यू जर्सीत अजून बर्फ आहे का ते कळव, त्याचं कारण पुढे येईल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (ही लिहायची रीत, खरं काय ते खाली वाच). जिजाजींनी फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. मी फोनवर बोललो की तुझ्या बहिणीला स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू जातो, आणि मेसेज टाकायला गेलो तर तो समाजाच्या ग्रुपवर पडतो. माझ्या मूळव्याधीची हकीकत मागे साडेतीनशे माणसांनी वाचली, त्यातल्या चाळिसांनी हात जोडले. तेव्हा आता कागदच बरा. सूनबाई रिद्धी संध्याकाळी याचे फोटो काढून तुला पाठवील.

तुझ्या बहिणीचा, बाईसाचा वर्षीतप चालू आहे हे तुला माहीत आहे. एक दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर उपास, दुसऱ्या दिवशी बियासण, म्हणजे सूर्य असेतो दोनदाच बसून जेवायचं. पाटावरून उठली की ते जेवण संपलं, मग ताटात काहीही राहो. असे साडेअकरा महिने तिनं काढले. अखातीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या पारण्याला सहा आठवडे राहिले, आणि मागच्या पंधरवड्यात तिला लघवीचं इन्फेक्शन झालं, वर्षातलं तिसरं. मंचरच्या डॉक्टरांच्या औषधानं ते गेलं, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, की चौथ्यांदा झालं तर तप सोडावा लागेल, मग माझ्याशी वाद घालायचा नाही. घरी येऊन सामायिकाची माळ घेऊन बसली तेव्हा तिचे डोळे भरलेले मला दिसले. माझी आई गेली तेव्हाही ही रडली नव्हती (का रडली नव्हती तो वेगळा विषय आहे). मला काही सुचेना, पारस. त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांना साखरेऐवजी रवा बांधून दिला.

निघता निघता डॉक्टर म्हणाले होते, क्रॅनबेरीचा रस देऊन बघा, काहींना उपयोग होतो, खात्री मी देत नाही. खात्री तर आमच्याकडे सरकी पेंडीचीही मिळत नाही, म्हणून मी लगेच कामाला लागलो. रिद्धीनं पुण्याहून बाटली आणवली. बाईसानं ती उलटीसुलटी करून बारीक अक्षरं वाचली, कधी केलं, कुणी केलं, कुठल्या पाण्यात केलं असे तीन प्रश्न विचारले आणि बाटली परत माझ्या हातात दिली. मग रिद्धीनं बर्फात गोठवलेल्या अख्ख्या क्रॅनबेरीची पिशवी आणवली, की रस घरीच काढू. इथवर ठीक होतं. पण मला एक गोष्ट आतून पोखरत होती, आणि ती मी कुणाला सांगितली नाही. आपल्यात बावीस वस्तू खायला निषिद्ध, त्यातली एक अजाण फळ, म्हणजे जे आपल्यापैकी कुणी झाडावर पाहिलेलं नाही, ज्याचे गुणदोष कुणाला ठाऊक नाहीत. बाईसा हा नियम लहानपणापासून पाळते. किवी तिनं याच कारणानं घरात येऊ दिलं नाही. क्रॅनबेरीबद्दल तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं, पण ती उघडणार हे मला दिसत होतं.

परवा मंगळवारी बियासण होतं. रिद्धी आणि आपले चिरंजीव पिंपरी पेंढारला लग्नाला गेले होते. जाताना तिनं मला तीनदा सांगितलं, पातेल्यात पाणी घाला, मंद गॅसवर ठेवा, फळं तडतडून फुटली की गाळा, साखर घाला, अर्धा तास पुरे. मी लग्नाला एक्केचाळीस वर्षं होऊनही गॅस पेटवलेला नाही हे ती विसरली. साडेपाचला बाईसा पाटावर बसली, पापड-मुगाची आमटी जेवली आणि पावणेसहाला म्हणाली, "तुमचा रस आणा." पुण्याच्या कॅलेंडरात सूर्यास्त सहा बेचाळीसला होता. ती दहा मिनिटं आधीच तोंड बंद करते. म्हणजे माझ्या हातात पाऊण तास होता, आणि गॅस पेटायला त्यातली सहा मिनिटं गेली (लायटर उलटा धरला होता).

तेवढ्यात पेंड न्यायला महाळुंगे पडवळचा सावळेराम आला. दुकानात कुणी नाही म्हणून सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. गोठलेल्या फळांचा दगड पातेल्यात तसाच पडून होता, पाणी नुसतं गुलाबी झालं होतं. सावळेराम वाकून बघत म्हणाला, "शेठ, आसं कवा व्हायचं? कुकरला लावा, दोन शिट्ट्यांत इरघळंल." मला ते पटलं. तुलाही पटलं असतं, समोर पाटावर बायको घड्याळाकडे बघत बसली असती तर. मी सगळं कुकरात ओतलं, मोठा गॅस केला आणि सावळेरामला सूर्य बघायला गच्चीवर पाठवलं, कारण आपल्याकडे सूर्य कॅलेंडरच्या आधी डोंगरामागे जातो आणि बाईसा त्याही बाबतीत काटेकोर आहे. तो वरून ओरडला, "शेठ, दोन बोटं वर हाय!" बाईसानं गुडघा हळूच दुसऱ्या बाजूला टाकला. तिचा गुडघा दुखतो. पण उठली असती तर जेवण संपलं असतं, आणि उद्या उपास.

शिट्टी काही होईना. कुकर आधी फुसफुसला, मग थरथरायला लागला, मग एकदम गप्प झाला. ते गप्प होणं फार वाईट होतं, पारस. (रिद्धीनं नंतर सांगितलं, या फळाची साल शिट्टीच्या भोकात जाऊन बसते, म्हणून हे कुकरात कुणी लावत नाही. हे पिशवीवर लिहिलेलं नव्हतं.) वरून आवाज आला, "येक बोट!" मी गॅस बंद केला. झाकण निघेना. थांबावं तर वेळ जातो, जोर लावावा तर तोंडावर येईल. बाईसा म्हणाली, "राहू द्या. परवा बघू." परवा म्हणजे मधे एक उपासाचा दिवस. तिला सकाळपासून पुन्हा थोडी जळजळ होत होती, हे तिनं मला सांगितलं नव्हतं, रिद्धीला सांगितलं होतं, आणि रिद्धीनं जाताना मला. म्हणून मी राहू दिलं नाही. कुकर उचलून मोरीत नेला, वरून दोन तांबे पाणी ओतलं आणि टॉवेलनं शिट्टी हलवली. सावळेराम खाली येत होता, तो जिन्यातच ओरडला, "लांब व्हा राव, लांब व्हा!" शिट्टी छताला लागली. तिच्यामागून अर्धा रस गेला. मोरी, भिंत, माझा सदरा, सावळेरामची टोपी, सगळं लालभडक झालं. माझा डावा हात भाजला, पण तो मी पाठीमागे धरला.

उरलेला रस पाणी गाळायच्या पांढऱ्या फडक्यातून पिळला. एक ग्लास भरला. साखर घातली, ढवळलं, फुंकर मारली आणि तिच्यापुढे ठेवला. घड्याळात सहा अठ्ठावीस. तिनं ग्लास हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि मला भीती होती तेच विचारलं, "हे फळ आपल्यात कुणी पाहिलंय का?" मी उत्तर दिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. सावळेराम श्वास रोखून उभा होता, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं तरी. मग ती रस प्यायली, एका दमात, डोळे मिटून. सहा एकतीसला पच्चक्खाण, म्हणजे खाणंपिणं बंदचा नेम, घेऊन उठली. मी मोरीशी जाऊन बसलो आणि भाजलेल्या हातावर तांब्यानं पाणी सोडलं. काल उपास होता, आज पुन्हा बियासण आहे, जळजळ नाही असं ती म्हणते. सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा,
सुवालाल

ता. क. मी काय उत्तर दिलं ते वर लिहायचं राहिलं. मी म्हणालो, "पारसनं पाहिलंय. झाडावर. स्वतःच्या हातानं तोडलंय." आता रविवारी तिचा तुला फोन येणार. क्रॅनबेरी तुमच्याच राज्यात पिकते असं रिद्धीच्या मोबाइलमध्ये आहे. तेव्हा शनिवारी गाडी काढ, कुठे मळा असेल तिथे जा, झाड नीट बघ, हात लाव, आणि मग तिला खरं सांग. फळ या दिवसांत नसेल, पण झाड तर असेल? बर्फाखाली असलं तर बर्फ बाजूला कर. तुला खोटं बोलायला लावत नाही, फक्त माझं खरं करून दे.

ता. क. दुसरा. तिथे शेतात पाणी सोडून फळं तरंगवतात, त्याचा व्हिडिओ असतो. तो तिला चुकूनही पाठवू नकोस. त्यात फळांबरोबर किडे आणि कोळीही तरंगतात. मी पाहिल्यापासून जेवलेलो नाही.

ता. क. तिसरा (अक्षर बदललंय, ओळखशील). पारस, बाईसाचे आशीर्वाद. हे पत्र वजनकाट्याखाली होतं आणि काटा मीच पुसते. थंडीत कुठे जाऊ नकोस. हे खोटं बोलले ते मला तेव्हाच समजलं होतं, एक्केचाळीस वर्षांत यांना ते एकदाही जमलेलं नाही. तरी मी प्यायले, कारण पाठीमागे धरलेला हात मला दिसत होता. माझ्या चुकीसाठी स्थानकातल्या साध्वी महासतीजींकडून एक उपास जास्तीचा मागून घेतला. यांच्या खोट्यासाठी त्यांनी तीन आयंबील सांगितली आहेत, तूप-तेल-मीठ काही नाही, ते यांना मी जेवायला बसल्यावर सांगेन. तो रस यापुढे नको. पाणी जास्त पिते आहे, बरं वाटतंय. अखातीजेला पारणं उसाच्या रसानं होतं, आणि पहिला घोट भावाच्या हातून घ्यायचा हे मी पहिल्या उपासालाच ठरवलं आहे. फोनवरून तो देता येत नाही. दारावरून जाणाऱ्या ट्रॉल्यांत ऊस मी रोज पाहते. तुला पाहून नऊ वर्षं झाली.