मी प्यायले नव्हते

पाडव्यानंतरचा सोमवार, १९५८. संध्याकाळ.

धसईच्या रस्त्यावर हवालदारानं माझी बैलगाडी अडवली. "काय गो म्हातारे, गाडी झोकांड्या खाते, अंगाला मोहाचा वास. पिऊन हाकतेस?"

अरे, सकाळभर मोहाची फुलं वेचल्यावर काय मोगऱ्याचा वास येईल? नि गाडी वाकडी गेली ती माझ्या लेकामुळं. उजवीकडच्या सवयीचा बैल त्यानं डावीकडं जुंपला. मी न बघता बसले, तेवढं माझं चुकलं.

आता लेक म्हणतो, "आये, कोर्टात गुन्हा कबूल कर. बैल उलटे जुंपले म्हणालीस तर गाव हसंल मला."

हसू दे. त्याच्यापायी मी दारुडी होऊ? नाय होणार. उद्या बैल तसेच उलटे जुंपून मुरबाडच्या कोर्टापुढं उभे करते. हवालदारानं न पिता गाडी सरळ हाकून दाखवावी.