बिनआगीचा धूर

१३ ऑक्टोबर, गुरुवार

फसवलं! भरदिवसा, माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच कॉफीने फसवलं.

हाज फवाज आला होता — वरच्या मजल्यावरच्या निदालचा थोरला भाऊ. सत्तरीचा माणूस, सोबत दोन चुलतभाऊ, तिघेही कडक इस्त्रीत. मला वाटलं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं जुनंच भांडण असेल. वृंदाने कॉफी आणली. तिघांनी कप उचलले आणि न पिताच समोर ठेवले. आता हे मला कळायला नको? बावीस वर्षं अम्मानमध्ये काढली! पाहुण्याने कप खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय, आणि यजमान ‘प्या’ म्हणाला म्हणजे मागणं मान्य. मग ते काहीही असो. यावर मी पुण्याच्या पेपराला दीड कॉलम धाडलाय, छायाचित्रासकट. आणि मी शहाणा काय म्हणालो? "घ्या ना, घ्या, गार होईल!"

घरचं वळण. पाहुण्यापुढचा कप भरलेला दिसला की तोंड आपोआप उघडतं. तिघांनी एका घोटात कप रिकामे केले. हाज फवाजला इतक्या चपळाईने हलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मागणं आलं. "उस्ताद, तू सिगारेट सोडायची. निदालच्या फुफ्फुसावर डाग निघालाय. तुझ्यासमोर बसून त्याला एकट्याला सुटायची नाही."

मी म्हणालो, हे आधी सांगायचं. तो म्हणाला, "आधीच सांगणार होतो. तू घाई केलीस."

निदालला डाग! आणि हे मला त्याच्या भावाकडून कळतंय. एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी पाचला जिन्याच्या वळणावर आम्ही दोघं बसतो. एक पाकीट त्याचं, एक माझं. समोरच्याला दिल्याशिवाय कोणी स्वतःची पेटवली नाही. आणि हा मला सांगत नाही?

जाताना उंबऱ्यात हाज फवाजला विचारलं, ती विजेवरची सिगारेट चालेल का? तो बराच वेळ दाढी कुरवाळत राहिला. "आग नसेल तर चालेल."

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाचला जिन्यावर गेलो. निदाल भोपळ्याच्या बिया फोडत बसलेला. "मीही सोडली, उस्ताद. आजपासून." डागाबद्दल विचारलं तर म्हणाला, "भूमापन खात्यात तीस वर्षं होतो. नकाशावर डाग असतातच." दोघांनी अर्धा किलो बिया संपवल्या. जिभेची साल निघाली. 

माझ्या तोंडात अंगार आहे नि पेटवायला काही नाही!

१६ ऑक्टोबर, रविवार

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून वापरून फेकून द्यायची एक नळी आणली. गुलाबी. कलिंगडाच्या वासाची. चौपन्न वर्षांचा मी, मंत्रालयाच्या पत्रकार परिषदेत हे ओढत उभा. शेजारचा इजिप्शियन बातमीदार म्हणाला, "अभिनंदन, मुलगी झाली का?"

कचऱ्यात टाकली. नंतर कळलं, तशी टाकायचीही नसते, आत बॅटरी असते. म्हणजे कचऱ्यातूनही मीच काढायची!

१८ ऑक्टोबर, मंगळवार

पाठशाळेत गुरुजींनी पहिल्या वर्षी घोकून घेतलं होतं — डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणारच. अनुमानाचा पायाच तो. आज विजेवरच्या सिगारेटींच्या दुकानात एक माणूस ढग सोडत बसला होता आणि आग कुठेच नव्हती. अख्खं न्यायशास्त्र एका चिनी कारखान्याने खिशात घातलं.

दुकान रिफअत नावाच्या गृहस्थाचं. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर हे थाटलंय. गिऱ्हाईक आलं की आधी तोंडी परीक्षा.

"दिवसाला किती?"

"वीस."

"खरं सांगा."

"बत्तीस."

"हुक्का?"

"शुक्रवारी."

मग त्याने दोन यंत्रं मांडली. एक करंगळीएवढं, किडकिडीत. दुसरं विटेसारखं, वर काचेची टाकी, दिवे, आकडे. म्हणाला, "सिगारेटवाल्याला सिगारेटसारखी ओढ लागते — अरुंद. धूर आधी तोंडात, मग छातीत. तुमच्यासाठी हे लहान. हे मोठं हुक्केवाल्यांचं, सरळ छातीत जातं."

मला राग आला. बावीस वर्षं युद्धं, राजीनामे, परिषदा कव्हर केलेला माणूस मी, आणि मला हा करंगळी देतो! वीट उचलली. म्हणालो, हीच. तो म्हणाला, "उत्तर आधी, गणित मागून. असे विद्यार्थी मी फार पाहिलेत." आणि पातळ, कमी निकोटीनचा रस देऊ लागला. मी म्हणालो, बत्तीसवाल्याला हे पाणी काय पुरणार? सर्वांत कडक द्या. "तो लहान यंत्राचा आहे," तो म्हणाला. मी ऐकलं नाही.

लिहून ठेवतो, कारण उद्या दोष दुसऱ्यावर ढकलायचा मोह होईल.

१९ ऑक्टोबर, बुधवार

झाला. ढकलता येत नाही.

कडक रस विटेत भरला आणि शुक्रवारचा हुक्का ओढतो तसा ओढला — लांब, पोटातून. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा. घाम, मळमळ, छत गरागरा. वृंदा कांदा घेऊन धावली. "अहो, हे सोडण्यासाठी ओढताय की मरण्यासाठी?"

फरशीवर पडल्या पडल्या कळलं की हा घोटाळा आम्हा अम्मानकरांनाच जमतो. दम हुक्क्याचा, तलफ सिगारेटची. कोपनहेगनातला माणूस असा आडवा झाला नसता.

२० ऑक्टोबर, गुरुवार

वीट परत घेऊन गेलो. रिफअतने वीट उलटून काचेची टाकी पाहिली. न बोलणारे मास्तर जास्त चीड आणतात. चेहरा पाहून एवढंच म्हणाला, "किती झुरके?"

"तीन."

"तिसरा कशाला?"



करंगळी घेतली. त्याने एकेक गोष्ट दाखवली, मी मान खाली घालून ऐकली. आत कापूस असतो. रस भरल्यावर दहा मिनिटं थांबायचं, कापूस भिजू द्यायचा, नाहीतर कापूसच जळतो. दोन छोटे झुरके, मग खाली ठेवायचं. सिगारेट विझते म्हणून माणूस थांबतो, हे विझत नाही, म्हणून आपण थांबायचं. तंबाखूच्या चवीचं घेऊ नका, चव जुळत नाही आणि खऱ्याची आठवण येते. पुदिना घ्या.

"आणि हेही कायमचं नाही," म्हणाला. "दर महिन्याला कमी कडक. एक दिवस माझ्याकडे यायचं बंद करा."

"असा दुकानदार पहिल्यांदा पाहिला."

"दुकानदार तीन वर्षांचा आहे, मास्तर एकतीस."

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

चार मिनिटं थांबलो. कापूस जळाला.

दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं! कोणाला वेळ आहे? (मला आहे. सिगारेट सोडल्यापासून दिवस संपतच नाही.)

२४ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. वृंदाने खिडकीत दोन पणत्या लावल्या. वाकून पणतीवर सिगारेट पेटवायची ही माझी तीस वर्षांची रीत. ओठ पुढे काढून वाकलोही. ओठांत काहीच नाही. वृंदाने नुसतं पाहिलं. तिने हसायला हवं होतं. पाहिलं म्हणून जास्त राग आला.

३० ऑक्टोबर, रविवार

सतरा दिवस. एकही नाही. घसा मोकळा, नाकाला वास येतात — गल्लीतली जाई, शेजारच्या घरातली तळलेली वांगी, आणि माझ्याच कोटाला बावीस वर्षांचा धूर. कोट धुवायला दिला. इस्त्रीवाल्याने नाकाला रुमाल लावला. हरामखोर.

जिन्यावर निदालने माझी टर उडवली. "उस्ताद, तुझ्या तोंडातून आता इस्त्रीच्या दुकानासारखी वाफ येते." मग माझ्याकडून सवयीने व्हायचं ते झालं — स्वतः ओढण्याआधी यंत्र त्याच्यापुढे धरलं. वस्तू अशी आहे की ती दुसऱ्याला देत नाहीत! पण त्याने बाहीने पुसली, अदबीने एक झुरका घेतला, आणि जो खोकला लागला तो थांबेना. भिंतीला धरून उभा राहिला.

मी ओरडलो, "नको म्हणता येत नव्हतं?"

डोळे पुसत म्हणाला, "तुला? नको?"

बारीक झालाय. सदऱ्याच्या गळ्यात दोन माना मावतील. सिगारेट सोडली की माणूस सुटतो म्हणतात. मी पट्ट्याचं एक भोक सैल केलं, हा उलटा आटतोय. विचारलं तर म्हणाला, "बियांनी पोट भरत नाही."

५ नोव्हेंबर, शनिवार

उन्हात टाकलेला कोट आणायला दुपारी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाक्यांमागे वास आला. निदालच्या निळ्या पाकिटातली. एकोणीस वर्षं ओढलेला वास मी झोपेतही ओळखीन. आधी ओळखला नसता, पण आता नाक परत आलंय ना! त्याच्याच कृपेने!

टाकीच्या पायाशी थोटकं. चार. एक अजून ऊन.

धूर आहे तिथे आग आहे. गुरुजी बरोबर होते.

६ नोव्हेंबर, रविवार

आज पाहिलं. टाकीला पाठ टेकून, डोळे मिटून, सावकाश ओढत होता. मी जिन्याच्या दारातून पाहिलं आणि खाली आलो.

याच्यासाठी मी फरशीवर लोळलो. याच्यासाठी कलिंगड चोखलं. याच्यासाठी रसायनशास्त्राच्या मास्तरापुढे उभा राहिलो! आणि हा माझ्यासमोर बिया फोडतो, पाठीमागे ओढतो. फुफ्फुसावर डाग घेऊन! मरायचंय का याला? मग माझी कशाला सोडवली?

वृंदाला सांगितलं. ती म्हणाली, "एकदा त्यालाच विचारा की." विचारणार नाही. यांच्याच पद्धतीने मागणार.

८ नोव्हेंबर, मंगळवार

वर गेलो. धुतलेला कोट घालून. त्याच्या बायकोने, उम्म यझनने — म्हणजे यझनच्या आईने — कॉफी आणली. मी कप उचलला आणि समोर ठेवला.

निदालने कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. उम्म यझन दारातच थबकली.

मी म्हणालो, "अबू यझन, गच्चीवरच्या त्या सोड. कायमच्या. तोवर मी पिणार नाही."

 बाहेर गॅस सिलिंडरची गाडी गाणं वाजवत गेली, गल्ली उतरून दूर गेली, तरी त्याची नजर कपावरच. मी एक शब्द ऐकायला बसलो होतो — प्या. एवढाच. शत्रूसुद्धा शत्रूला म्हणतो.

शेवटी म्हणाला, "उस्ताद, दुसरं काही माग."

"दुसरं काही नकोय."

"घर माग. यझनच्या मुलीचं लग्न तुझ्या घरातल्या मुलाशी माग, ती तीन वर्षांची आहे. हे नको मागूस."

याही वेळी विनोद! मी उठलो. भरलेला कप तिथेच सोडून निघालो. या गावात याहून मोठा अपमान नाही, हे मला ठाऊक आहे. दीड कॉलम लिहिलाय.

९ नोव्हेंबर, बुधवार

पाचला जिन्यावर गेलो नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. बरं केलं.

१० नोव्हेंबर, गुरुवार

कोणीतरी जिन्यावर खोकत होतं. पाच ते सहा. दार उघडलं नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी उम्म यझन तोच कप घेऊन खाली आली. बशीने झाकलेला, तीन दिवसांचा.

म्हणाली, "भाऊ, हाज फवाजला यांनीच पाठवलं होतं. डॉक्टरांनी सप्टेंबरातच सांगितलंय, आता सोडून काही फरक पडणार नाही. हे म्हणाले, मला नाही पडणार, उस्तादला पडेल. माझं नाव सांगा, नाहीतर तो ऐकायचा नाही." कप माझ्या हातात दिला. "म्हणालेत, मी मागितलं ते त्याने दिलं. तो मागतो ते माझ्याजवळ उरलेलं नाही. त्याला म्हणावं, प्या."

प्यालो.

पाचला जिन्यावर गेलो. बिया नव्हत्या. त्याच्या सिगारेटला काडी मी लावली. वाऱ्याने पहिली विझली, दुसरी धरली.